चकवा लागलाय तो आपल्यालाच

मंडळी, पॉटलकमध्ये गप्पा रंगात आल्या असताना 'भुताचा सिनेमा' एवढा विषय नुसता काढून बघा. कोणीतरी हसून म्हणतं, "म्हणजे रामसेचे का? पांढरी साडी आणि मेणबत्ती?" दुसरं कोणी मुलांकडे नजर टाकून घाईघाईने नव्या घराच्या मॉर्गेजवर येतं. आणि सिनेमा जर कमी पैशांत, रानात, हलत्या कॅमेऱ्याने काढलेला असेल तर बोलायलाच नको. 'बी ग्रेड' असा शिक्का मारून आपण पुन्हा मिसळीकडे वळतो. हीच मंडळी शनिवारी वीस-वीस डॉलरचं तिकीट काढून तीन तासांचा झगमगाट बघून येतात आणि गाडीत बसल्यावर "काही दम नव्हता" म्हणतात. पुढच्या शनिवारी पुन्हा तिथेच.

माझं म्हणणं याच्या उलट आहे आणि ते आधीच सांगून टाकतो. गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकेत लोककथा म्हणता येईल असं जे काही निर्माण झालं, त्यात हे रानातले स्वस्त भुताचे सिनेमे फार वरच्या पाटावर बसतात. ते आपल्याला परके तर नाहीतच, उलट आपल्या गावाकडच्या गोष्टींचे सख्खे मावसभाऊ आहेत. आणि इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना असे सिनेमे करायला प्रोत्साहन द्यायचं सोडून आपण नाकं मुरडतो, तो शुद्ध शिष्टपणा आहे.

'ब्लेअर विच प्रोजेक्ट' आठवतोय? १९९९ चा उन्हाळा. आपल्यापैकी बरेच जण तेव्हा नुकते एच-वनवर येऊन पोचले होते, वायटूकेच्या कामात बुडाले होते. मेरीलँडमधल्या बर्किट्सव्हिल नावाच्या, दोनशेसुद्धा वस्ती नसलेल्या गावाजवळच्या रानात तीन विद्यार्थी एका चेटकिणीच्या दंतकथेवर माहितीपट काढायला जातात आणि हरवतात, एवढीच गोष्ट. त्यांच्यातला एक जण वैतागून नकाशा ओढ्यात भिरकावून देतो. मग होकायंत्र धरून ते दिवसभर दक्षिणेकडे चालतात आणि संध्याकाळी सकाळच्याच आडव्या पडलेल्या ओंडक्यापाशी येऊन उभे राहतात.

आता मला सांगा, ज्याचं आजोळ मालवण, राजापूर, आजरा किंवा चंदगडकडे आहे अशा माणसाला याचं नाव सांगावं लागतं का? याला चकवा म्हणतात. रात्री रानातून येताना चकवा लागला की माणूस पहाटेपर्यंत त्याच चार झाडांभोवती फिरत राहतो. अशा वेळी गपचूप एका जागी बसून उजाडायची वाट बघायची, असं म्हातारी माणसं सांगत. हॉलिवुडला जे १९९९ साली सुचलं ते आपल्या आज्यांना केव्हाचं ठाऊक होतं. गंमत म्हणजे विज्ञानानेही चकव्याला अर्धी मान्यता दिली आहे. २००९ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी काही माणसांना दाट जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालत जायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. तो ढगाआड गेल्यावर ती माणसं गोल गोल फिरून आपल्याच वाटेवर परत आली आणि आपण सरळच चाललो आहोत अशी त्यांची खात्री होती! भूत नव्हतं, पण चकवा होता.

हा सिनेमा काढला कसा, ते तर ऐकण्यासारखं आहे. डॅनियल मिरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोन तरुणांनी ऑक्टोबर १९९७ मध्ये आठ दिवसांत चित्रीकरण उरकलं, तेही मुख्यतः मेरीलँडच्या सेनेका क्रीक स्टेट पार्कमध्ये. कॅमेरे नटांच्याच हातात. संवाद लिहिलेलेच नव्हते. जीपीएस यंत्रावरून ठरलेल्या जागी पोचायचं, तिथे खोक्यात ठेवलेल्या चिठ्ठ्या वाचायच्या आणि त्यावरून आपापलं बोलायचं. जेवण रोज थोडं थोडं कमी दिलं जाई, म्हणजे चिडचिड खरी यावी. रात्री दिग्दर्शकच तंबूभोवती फिरून आवाज काढत. कोणाला खरोखरच असह्य झालं तर 'टाको' म्हणायचं, म्हणजे नाटक थांबेल, असा परवलीचा शब्द ठरला होता. सुमारे वीस तासांचं चित्रीकरण जमलं, त्यातून महिनोन्महिने कात्री चालवून ऐंशी मिनिटं उरली. खर्चाचे आकडे ३५ हजारांपासून ६० हजार डॉलरपर्यंत सांगितले जातात. म्हणजे आपल्यातल्या कित्येकांच्या दारात उभ्या असलेल्या एका गाडीइतके. जगभरात गल्ला जमला सुमारे २४ कोटी ८० लाख डॉलरचा.

पण माझा मुद्दा गल्ल्याचा नाही. त्या सिनेमात चेटकीण दिसतच नाही. एकदाही नाही! झाडांना टांगलेल्या काटक्यांच्या बाहुल्या, दगडांच्या लहान लहान राशी, रात्री दूरवर काहीतरी मोडल्याचा आवाज आणि शेवटी कोपऱ्याकडे तोंड करून उभा असलेला एक माणूस. एवढ्यावर थिएटरमधली माणसं खुर्चीचे हात घट्ट धरून बसली. पैसे नव्हते म्हणून चेटकीण दाखवता आली नाही, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. पुढच्याच वर्षी, २००० साली, दीड कोटी डॉलर खर्चून दुसरा भाग काढला. तो आज कोणाला आठवतो? २०१६ साली तिसरा आला, पन्नास लाखांचा. त्यात राक्षसी आकृतीची झलक दाखवली आणि भीती तिथेच संपली. आजी गोष्ट सांगताना हडळीचं चित्र काढून दाखवत नसे. ती फक्त आवाज खाली आणायची, कंदिलाची वात कमी करायची. बाकीचं काम आपलं आपण करत होतो.

हे एकट्या ब्लेअर विचचं नाही. त्याच्या वीस वर्षं आधी मिशिगनमध्ये सॅम रेमी नावाच्या विशीतल्या मुलाने मित्रांना घेऊन 'विदिन द वूड्स' नावाची एक छोटी फिल्म केली. ती त्याने कोणाला दाखवली असेल? गावातल्या डॉक्टर, डेंटिस्ट, वकील मंडळींना. त्यांच्याकडून थोडे थोडे पैसे गोळा केले आणि १९७९ च्या थंडीत टेनेसीतल्या मॉरिसटाउनजवळच्या एका पडक्या लाकडी घरात 'द ईव्हिल डेड' सुरू केला. झाडीतून सूं सूं करत धावणारी ती अदृश्य शक्ती आठवते? त्यासाठी लागणारं महागडं स्टेडीकॅम परवडत नव्हतं. या मुलांनी फळीवर कॅमेरा ठोकला, दोघांनी फळीची दोन टोकं धरली आणि रानातून पळत सुटले. पुढे याच रेमीने २००२ साली 'स्पायडरमॅन' केला, जो बघायला आपण मुलांना हौसेने घेऊन गेलो.

डेंटिस्ट! मंडळी, आपल्या मंडळांत डॉक्टर-डेंटिस्टांची काय कमी आहे? एकेका गणेशोत्सवाच्या देणगीदारांच्या यादीत अख्खं इस्पितळ उभं राहील. पण या यादीतल्या कोणाकडे सोळा वर्षांचा मराठी मुलगा रानातल्या भुताची फिल्म घेऊन गेला, तर त्याला चेक मिळेल की 'आधी एसएटीकडे लक्ष दे' हा सल्ला, ते तुम्हीच सांगा.

मी हे हवेत बोलत नाही. पूर्वी ज्या गावात राहत होतो तिथल्या मंडळात घडलेली गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. चार मुलं, चौदा ते सोळा वयाची. घरामागे फॉरेस्ट प्रिझर्व्ह होतं, तिथे शनिवार-रविवार जाऊन फोनवर त्यांनी अठरा मिनिटांची फिल्म केली. नाव 'राखणदार'. नवीन घरांसाठी रान तोडायला मोजणी करणारा एक माणूस येतो आणि त्याला वाट सापडत नाही. रानाचा आवाज कोणाचा होता, माहीत आहे? त्यातल्या एका मुलीच्या वेंगुर्ल्याच्या आजीचा. भारतात फोन लावून, स्पीकरवर टाकून रेकॉर्ड केलेला. मधूनमधून लाइन खरखरत होती, आणि त्या खरखरीने अंगावर काटा येत होता. एरवी आजीशी "हो, बरी आहे, जेवले" यापलीकडे न बोलणारी ती मुलगी महिनाभर रोज फोनवर विचारत होती, "आजी, राखणदाराच्या हातात काय असतं? तो चिडतो का? कोणावर चिडतो?" आपल्या रविवारच्या मराठी शाळेत हे सहा वर्षांत झालं नव्हतं.

दिवाळीच्या कार्यक्रमासाठी त्यांनी ती फिल्म दिली. समितीने नाकारली. कारणं दोन: सणाच्या दिवशी भुतंखेतं अभद्र, आणि मुलांचं मराठी अशुद्ध. ज्या सणाची पहाट नरकासुर मेल्यावर उजाडते, ज्याचे अक्राळविक्राळ पुतळे गोव्यात रात्रभर मिरवून जाळतात, त्या सणाला भूत चालत नाही! त्याच कार्यक्रमात एका हिंदी गाण्यावर नऊ मिनिटं नाच झाला. तो मात्र शुद्ध मराठी असावा. त्यातला एक मुलगा मला म्हणाला, "काका, मग आम्ही ती हॅलोविनला शाळेत दाखवू का?" दाखवली. अमेरिकन मुलांनी आजीचा आवाज ऐकला, आपण नाही.

आता एक आक्षेप गंभीर आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. "ज्या महाराष्ट्रात २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला, तिथून आलेले आपण मुलांच्या डोक्यात पुन्हा भुतं भरायची?" प्रश्न रास्त आहे. सातपुड्यातल्या पाड्यांवर बाईला 'डाकीण' ठरवून मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं. इथे मॅसॅच्युसेट्समधल्या सेलममध्ये १६९२ साली चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिलं आणि एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडून मारलं. शिवाय अगदी अलीकडचं उदाहरण विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशाचं. मे २०१४ मध्ये बारा वर्षांच्या दोन मुलींनी आपल्याच मैत्रिणीला रानात नेऊन चाकूने भोसकलं. कारण काय, तर इंटरनेटवरच्या 'स्लेंडर मॅन' नावाच्या रानातल्या भुताला खूश करायचं होतं. ती मुलगी सरपटत रस्त्यापर्यंत आली म्हणून वाचली. ही बातमी वाचून हादरला नसेल असा आईबाप नसेल.

पण नीट बघा. घात झाला तो गोष्टीने नव्हे, 'हे खरं आहे' या दाव्याने. आणि या बाबतीत ब्लेअर विचवाल्यांनाही मी मोकळं सोडणार नाही. त्यांनी ही घटना खरीच घडली अशी जाहिरात केली. नट आपापल्या खऱ्या नावांनी पडद्यावर होते. ते बेपत्ता असल्याची पत्रकं वाटली, इंटरनेटवर पोलिसांचे खोटे कागद टाकले. नटीच्या आईला सांत्वनाची पत्रं येऊ लागली! बर्किट्सव्हिलच्या गरीब गावकऱ्यांच्या गावाच्या पाट्या चोरीला गेल्या, कारण बघ्यांची जत्रा लोटली. हा चावटपणा होता, आणि त्याचं कौतुक मार्केटिंगच्या वर्गात करतात म्हणून तो चांगला ठरत नाही. तसाच 'ईव्हिल डेड'मधला झाडांनी मुलीवर केलेल्या अत्याचाराचा प्रसंग. त्याबद्दल खुद्द रेमीने नंतर खेद व्यक्त केला आहे. मुलांना दाखवायला तो सिनेमा नाहीच.

म्हणूनच मुलांनी हे सिनेमे नुसते बघण्यापेक्षा करावेत, असं मी म्हणतो. ज्या पोराने स्वतः झुडपामागे बसून फांदी मोडून 'भुताचा' आवाज काढला आहे, ते पोर पुन्हा भुताला भीत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते बुवाची हातचलाखी लोकांसमोर करून दाखवतात, तेच हे. फसवणूक कशी करतात ते कळलं की माणूस फसत नाही. आणि भुताच्या गोष्टीतून शहाणपण सांगता येत नाही असंही नाही. विशाल फुरियाचा 'लपाछपी' बघितला असेल तुम्ही. भूत आहे, पण खरं भय स्त्रीभ्रूणहत्येचं आहे. त्यातलं रान म्हणजे उसाचं शेत! महाराष्ट्रात रान उरलं नाही म्हणून भुतालासुद्धा उसात राहायला जावं लागलं, असं मी गमतीने म्हणतो, पण ते फारसं गमतीचं नाही. त्याच दिग्दर्शकाने २०२१ साली तो हिंदीत 'छोरी' म्हणून केला आणि मग आपल्याकडे लोक एकमेकांना विचारू लागले, "बघितलास का रे?" 'मुंज्या'चंही तेच. पिंपळावरचा मुंजा आपल्या घरचा, पण २०२४ साली हिंदी बोलत आला तेव्हा आपण पॉपकॉर्न घेऊन गेलो.

आणि रामसेंना तरी किती हसायचं? १९७२ साली 'दो गज़ ज़मीन के नीचे' हा सिनेमा त्यांनी महाबळेश्वरला गेस्ट हाउसमध्ये राहून, सेट न उभारता, सुमारे साडेतीन लाखांत केला. सात भाऊ, प्रत्येकाकडे एकेक खातं. घरची माणसं कामाला, असा तो संसार होता. ते सिनेमे थोर होते असं मी म्हणत नाही, पण त्यांच्या चिकाटीचा दहावा हिस्सा आपल्या सांस्कृतिक समित्यांत असता तर बरं झालं असतं.

मात्र अमेरिकन रानसिनेमाची नक्कल करा, असं माझं मुळीच म्हणणं नाही. इथेच आपली पोरं काही वेगळं करू शकतात. इथल्या गोष्टीत रान हा शत्रू असतो. प्युरिटन लोक या किनाऱ्यावर उतरले तेव्हापासून गावाच्या कुंपणापलीकडे सैतान राहतो अशी त्यांची समजूत होती, आणि ते रान आधीच दुसऱ्या कोणाचं तरी घर होतं ही बोच त्यात कुठेतरी असावी. रॉबर्ट एगर्सचा २०१५ चा 'द विच' बघा, चाळीस लाख डॉलरमध्ये केलेला. त्यात हे कुंपण आणि ती झाडी यांच्यामधलं भय अगदी नेमकं पकडलं आहे. आपल्याकडचं भय निराळं आहे. देवराईत वाळलेली काटकीसुद्धा उचलायची नाही, उचलली तर देव कोपतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या या देवराया हिंडून अभ्यासल्या आणि दाखवून दिलं की आजूबाजूचे डोंगर बोडके झाले तरी या भीतीच्या कुंपणात जुनं जंगल टिकून राहिलं. सिंधुदुर्गातला आणि गोव्यातला राखणदार रानात वाट चुकवतो, पण कोणाची? जो हद्द मोडतो त्याची. बाकीच्यांना तो घरापर्यंत सोबत करतो. अमेरिकेच्या रानातलं भूत माणसाला खातं, आपलं भूत रान सांभाळतं. शेजारच्या कर्नाटकाने हीच चाल ओळखून २०२२ साली सुमारे १६ कोटींत 'कांतारा' केला आणि अख्खा देश बघत राहिला. आपल्याकडे राखणदार तर आहे, पण त्याची गोष्ट सांगणारा कोणी नाही. आणि इथे न्यू जर्सीत, इलिनॉयमध्ये, टेक्ससमध्ये घरामागचं रान तोडून नवी सबडिव्हिजन होते तेव्हा तिथे राखणदार लागतोच की.

ज्या तीन नटांच्या जिवावर ब्लेअर विचने कोट्यवधी कमावले, त्यांचं पुढे काय झालं हेही आपण विसरू नये. त्यांना त्या पैशातलं फारच थोडं मिळालं. एप्रिल २०२४ मध्ये स्टुडिओने पुन्हा नवा ब्लेअर विच काढणार असं जाहीर केलं, तेव्हा या तिघांनी एक उघडं पत्र लिहिलं. दोन मागण्या त्यांच्या हक्काच्या होत्या: थकलेला मोबदला द्या, आणि पुढे आमची नावं-चेहरे वापरणार असाल तर आम्हाला विचारा. तिसरी मागणी मात्र स्वतःसाठी नव्हती. दरवर्षी एका नव्या, अनोळखी दिग्दर्शकाला पहिला सिनेमा करायला ६० हजार डॉलर द्या, म्हणजे आमच्या पहिल्या सिनेमाला लागले तेवढे. ज्यांना स्वतःला नीट मिळालं नाही, ती माणसं दुसऱ्यासाठी मागतात!

साठ हजार आपल्याला झेपणार नाहीत, कबूल. २०२४ साली सॅन होजेला 'नाफा'चा मराठी चित्रपट महोत्सव झाला, त्याने मोठ्या कामाला सुरुवात केली आहे. मोठं त्यांनी करावं. माझी मागणी प्रत्येक मंडळाकडे सहाशे डॉलरची आहे. दिवाळीच्या कार्यक्रमात हॉलच्या पडद्यांना आणि स्टेजवरच्या फुलांना लागतात त्याहून हे कमी असावेत. दरवर्षी अठरा वर्षांखालच्या एका गटाला द्यायचे. अटी थोड्या: फिल्म वीस मिनिटांच्या आत, निम्मे तरी संवाद मराठीत, घरातल्या किंवा गावाकडच्या एका तरी म्हाताऱ्या माणसाकडून ऐकलेली गोष्ट, आणि शेवटी पडद्यावर स्पष्ट अक्षरांत 'ही गोष्ट रचलेली आहे'. पार्कची परवानगी आधी काढायची, कारण बहुतेक प्रिझर्व्ह सूर्यास्ताला बंद होतात. अंधार दिवसाउजेडी कसा करायचा ते मुलांचं त्यांनी शोधावं. मराठी शुद्ध आहे की नाही ते तपासायला समिती नेमायची नाही. आणि फिल्म दिवाळीच्याच कार्यक्रमात दाखवायची, जेवणाच्या आधी, हॉलमधले सगळे दिवे घालवून.